दातवाल्याच्या हातचं पाकीट

दातवाल्याला दातांखेरीज कशातलंच काही कळत नाही, असं तो स्वतःच सांगायचा, आणि दातांचंही श्रेय कधी स्वतःकडे घ्यायचा नाही. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून तो कवळ्या बनवायचा. पुढे बाई पेशंटच्या तोंडाचं माप घेत, ते माप पडद्याआडून मागे येई. मग हा प्लास्टर कालवणार, साचा ओतणार, मेण वितळवून त्याची हिरडी उभी करणार, तिच्यात एकेक दात रोवणार, आणि सगळं शिजून निघालं की फिरत्या चाकावर धरून चकाकी आणणार. आसपासच्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्याच्या हातचं होतं. कवळी पहिल्याच खेपेला बसली की बाई पुढून म्हणत, "दातवाले, बसली हो." हा मागून म्हणणार, "तुमचं माप चांगलं होतं, बाई."

अशा माणसाला आपल्या हाताला यश नाही हे कुणी पटवून दिलं असेल, तर तो पटवणारा जवळचाच असणार. तो होता खेळाच्या सामानाच्या दुकानाचा मालक. तरुणपणी फुटबॉलच्या सामन्यांत शिट्टी वाजवायचा, म्हणून सगळे त्याला पंच म्हणायचे. शिट्टी अजून गळ्यात होती. गिऱ्हाईक फारच घासाघीस करायला लागलं की तो ती हळूच फुंकायचा आणि सगळं दुकान हसायचं. दातवाला आणि पंच शाळेत एका बाकावरचे. पंचाशी बोलल्याशिवाय दातवाल्यानं आयुष्यात काही केलं नव्हतं. लग्न जमलं तेव्हा मुलगी बघून आल्यावर आधी तो पंचाच्या दुकानात गेला होता आणि मग घरी.

दोघांना नादही एकच. लहानपणी गोळ्यांच्या पाकिटातून खेळाडूंची चित्रं निघायची, ती दोघं जमवायचे. मोठेपणी बाकीच्यांचं वेड सुटतं, यांचं वाढलं. त्यात कार्डं छापणाऱ्या कंपनीनं एक नवीनच टूम काढली. काही थोड्या कार्डांच्या मधोमध नखाएवढी खिडकी कापायची आणि तिच्यात खेळाडूनं प्रत्यक्ष सामन्यात घातलेल्या जर्सीचा तुकडा बसवायचा. कधी चेंडूचं कातडं, कधी गोलाच्या जाळीची दोरी, पण बहुतेक जर्सीच. कुठल्या पाकिटात असं कापडी कार्ड आहे हे बाहेरून कळत नसे. पाकिटं बंद, सगळी सारखी, आणि बहुतेकांत नुसती चित्रंच निघायची. दातवाल्याच्या बायकोनं हा प्रकार ऐकला तेव्हा ती म्हणाली, "दुसऱ्याच्या घामाचं फडकं. आणि त्याच्यासाठी माणसं शनिवार वाया घालवतात."

शनिवारी दुपारी पंच दुकानाचं दार अर्धं ओढून घ्यायचा आणि आतल्या बाकांवर मंडळी जमायची. घड्याळं दुरुस्त करणारा यायचा, बँकेतला कारकून यायचा, आणखीही कुणी कुणी. प्रत्येकाच्या नावाचा एक पत्र्याचा डबा पंचानं कपाटात ठेवला होता. नवा खोका आला की तो त्यातली पाकिटं सगळ्यांच्या डब्यांत वाटून टाकायचा. शनिवारी ज्यानं त्यानं आपल्या डब्यातलं एकच पाकीट उचलायचं आणि सगळ्यांसमोर फोडायचं. एक नियम होता, पंचानंच घातलेला. पाकीट कडेनं उचलायचं. चिमटीत धरायचं नाही, दाबून बघायचं नाही. कापडी कार्ड बाकीच्यांपेक्षा जाड असतं, तेव्हा दाबून बघणं म्हणजे लबाडी. घड्याळवाल्यानं एकदा पाकीट जरा जास्त वेळ बोटांत धरलं, तर पंचानं शिट्टी फुंकून त्याला त्या शनिवारापुरतं बाद केलं होतं. दातवाल्याला ते इतकं आवडलं की घरी येऊन त्यानं बायकोला दोनदा सांगितलं.

दातवाला तर नियमाचा भक्त. दोन बोटांच्या टोकांनी कागदाची कड धरून तो पाकीट असं काढायचा की बँकवाला म्हणायचा, "अरे, पाकीट आहे, विंचू नाही." मग ते तळहातावर आडवं ठेवायचं, पंचाच्या सुरीनं कड कापायची, आणि एकेक कार्ड बाकावर मांडायचं. आणि कापडी कार्ड निघायचं नाही. बँकवाल्याला अधूनमधून लागायचं. घड्याळवाल्यालाही वर्षाकाठी एखादं. नव्यानं आलेल्या माणसाला तर बहुधा पहिल्या महिन्यातच. दातवाल्याला कधीच नाही. सुरुवातीला लोक हळहळले, मग हसायला लागले, मग त्याची सवय झाली. त्याचं पाकीट सगळ्यात शेवटी फोडायचं असं ठरून गेलं, कारण त्यातून काही न निघण्याची एक वेगळीच मजा होती. "कोरडा हात," पंच म्हणायचा आणि त्याच्या पाठीवर थाप मारायचा. "राजा, तुझ्या हातात नदी दिली तर वाळू निघेल." दातवालाही हसायचा. चिडून काय करणार? आपल्यामुळे चार माणसं हसतात, यात त्याला थोडं बरंही वाटायचं.

पण हसता हसता माणूस खरं मानायला लागतो. बाजारात कलिंगड निवडायची वेळ आली की हा बायकोला पुढे करायचा. दवाखान्यात नव्या भट्टीची कळ पहिल्यांदा दाबायची होती तेव्हा त्यानं झाडणाऱ्या मावशींना बोलावलं. मुलीच्या शाळेत जागांसाठी सोडत होती, पालकांनी चिठ्ठी उचलायची होती. हा ताप आला म्हणून घरी झोपून राहिला आणि बायकोला पाठवलं. तिनं उचलली, मुलीला शाळा मिळाली. यानं सुटकेचा निःश्वास टाकला आणि म्हणाला, "बरं झालं मी नव्हतो."

इथवर चेष्टेत खपलं असतं. घराचं मात्र खपण्यासारखं नव्हतं. वडील गेल्यावर घराचे दोन भाग करायचे ठरले. पुढचा भाग रस्त्याकडे तोंड करून, मोठ्या खिडकीचा. मागच्या भागासमोर गोदामाची आंधळी भिंत, उजेड यायचा तो छताजवळच्या झरोक्यातून. धाकटा भाऊ सज्जन होता. तो म्हणाला, चिठ्ठ्या टाकू, आणि दादा मोठा, पहिली चिठ्ठी दादानं उचलावी. दोन चिठ्ठ्या स्टीलच्या वाडग्यात टाकल्या. साक्षीला म्हणून पंचाला बोलावलं होतं. दातवाल्यानं हात पुढे केला आणि वाडग्यावर तो थांबला. त्यानं पंचाकडे पाहिलं.

पंच म्हणाला, "नको रे बाबा. तुझ्या हाताचं मला ठाऊक आहे. त्याला उचलू दे."

सगळे हसले, धाकटाही हसला. दातवाल्यानं हात मागे घेतला आणि वाडगा भावाकडे सरकवला. भावाला पुढचा भाग आला. दोन चिठ्ठ्यांत कुणाच्याही हाताला सारखीच संधी होती, पण असा हिशोब तेव्हा कुणी मांडला नाही.

दातवाल्याची बायको स्वेटर विणून द्यायची. गडद रंगाच्या लोकरीचे टाके मागच्या घरात दिवसाही दिसत नसत. मग ती खुर्ची उचलून बोळात येऊन बसायची, आणि थंडी पडली की जावेच्या खिडकीशी. जाऊ कधी काही बोलली नाही. ही मात्र रोज खुर्ची नेताना "येऊ का गं?" असं विचारायची, आणि रोज विचारणं तिला जड जायचं. दातवाल्याला ते दिसत होतं. तो त्यावर काही बोलायचा नाही. आपल्या हाताला यश नसल्याचंच ते फळ आहे, असं तो समजून चालला होता.

दातवाल्याकडे एक कापडी कार्ड होतं, पण ते पाकिटातून निघालेलं नव्हतं. लांब्या नावाचा एक गोलरक्षक त्याचा लहानपणापासूनचा देव. त्याच्या हिरव्या जर्सीचा तुकडा असलेलं कार्ड पंचाच्या काचेच्या कपाटात बरेच दिवस मांडलेलं होतं. दातवाला दर शनिवारी त्याच्यासमोर उभा राहायचा. शेवटी एकदा पंच म्हणाला, "तुला पाकिटातून हे जन्मात लागायचं नाही. तुझा शाळेतला चित्रांचा अल्बम दे आणि घेऊन जा. मित्र म्हणून सांगतो." त्यानं अल्बम दिला. जुनी चित्रं तोवर दुर्मिळ झाली होती, पण पंचाचे उपकारच झाले असं याला वाटलं. महिनाभर तो ज्याला त्याला सांगत होता की पंचाचं मन मोठं आहे.

मग एके दिवशी पंच दुकानातल्या शिडीच्या घोड्यावरून पडला. वरच्या फळीवरचे बॅडमिंटनचे डबे काढत होता. उजवं मनगट मोडलं, आणि अंगठ्यापासून कोपरापर्यंत प्लास्टर चढलं. दातवाला रोज संध्याकाळी जाऊन त्याचं दुकान बंद करून द्यायचा, कुलूप लावायचा, त्याला घरापर्यंत सोडायचा. त्याच सुमारास पाकिटांचा नवा खोका आला. पंचानं डाव्या हातानं कशीबशी पाकिटं डब्यांत भरली.

त्यानंतरच्या एका शनिवारी नेहमीप्रमाणे दातवाल्याचं पाकीट शेवटी राहिलं. त्यानं कड कापली. पहिलं कार्ड, दुसरं कार्ड, आणि तिसऱ्याला बोट लागताच तो थांबला. खिडकीत निळं कापड होतं, त्यावर एक पांढरा टाका. मग बँकवाल्यानं त्याला मिठीच मारली आणि घड्याळवाला धावत जाऊन सगळ्यांसाठी सरबत घेऊन आला. दातवाल्याचे डोळे भरून आले, त्याची त्याला लाज वाटली नाही. पंचही हसत होता, पण जरा उशिरानं. काही शनिवार गेले आणि दुसरं लागलं. या वेळी लाल कापड.

ज्यानं आयुष्यभर कोरडा हात मिरवला त्याला दोन कार्डं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. तो कलिंगडं निवडायला लागला. ठोकून बघायचा, कान लावायचा, आणि बायको बाजूला उभी राहून तोंडाला पदर लावून हसायची. आणि नेमकं तेव्हाच डॉक्टरीणबाईंनी त्याला पुढच्या खोलीत बोलावून खुर्चीवर बसवलं. त्या दवाखाना बंद करून मुलीकडे राहायला जाणार होत्या. "मागची खोली तुम्ही चालवा," त्या म्हणाल्या. "चाक, भट्टी, सगळं तिथंच राहू दे. नाव तुमचं लावा. बाकीचे डॉक्टर काम पाठवतील, मी बोलते त्यांच्याशी." असं त्या पूर्वीही एकदा म्हणाल्या होत्या. तेव्हा यानं, माझ्या हाताला यश नाही बाई, तुमच्या छायेत बरा आहे, म्हणून विषय टाळला होता. या वेळी तो म्हणाला, "घेतो."

घरी सांगितलं तेव्हा बायकोनं सुया खाली ठेवल्या. त्या खोलीला दक्षिणेकडे खिडकी होती हे तिला माहीत होतं. "एका कोपऱ्यात मी बसेन," ती म्हणाली. "तुमच्या चाकाचा आवाज मला चालेल." तिनं खिडकीसाठी पडदा विणायलाही घेतला, उजेड अडू नये असा, मोठ्या जाळीचा.

पंचाचं प्लास्टर निघालं. हात बारीक झाला होता, पण अंगठा शाबूत होता. जुन्या रॅकेटला नवी तार ओढून त्यानं तो सगळ्यांना दाखवला. नवा खोका आला, डबे भरले गेले. आणि दातवाल्याचा हात पुन्हा कोरडा पडला. एक शनिवार, दुसरा, तिसरा. मंडळींना जुनी मजा परत मिळाली. दातवाला हसत होता, पण या वेळी आतून त्याची पाचावर धारण बसली होती. कागदावर सही करायची तारीख जवळ आली होती. एका शनिवारी सगळे गेल्यावर तो बाकावर बसून राहिला आणि त्यानं पंचाला विचारलं.

"काय करू? खरं सांग."

पंच काउंटर पुसत होता. "हे बघ," तो म्हणाला, "दोनदा लागलं म्हणून हात बदलत नाही. तू दुसऱ्याच्या हाताखाली झकास आहेस. आपलं नाव लावलंस आणि बुडालं, तर उद्या लोक दातावरून हसतील. आत्ता पाकिटावरून हसतात, ते परवडतं."

सोमवारी दातवाल्यानं बाईंना नाही म्हणून सांगितलं. बाई म्हणाल्या, मला थांबता यायचं नाही हो, आणि पलीकडच्या गल्लीतल्या एका कारागिराला त्यांनी निरोप धाडला. बायकोला काय सांगावं ते दातवाल्याला सुचेना. ती पडद्याचा शेवटचा भाग विणत होती. त्यानं ते उद्यावर ढकललं, आणि उद्या आला की परत उद्यावर.

बुधवारी पंचाचा निरोप आला. त्याच्या वरच्या पुढच्या दातांची पट्टी चिरली होती. ती पट्टी दातवाल्यानंच बनवलेली. त्यानं ती आणवून घेतली, चीर भरली, चकाकी दिली, आणि जेवणाच्या सुट्टीत डबीत घालून स्वतःच द्यायला निघाला. दुकानाचं दार लोटलेलं होतं. काचेतून आत पाहिलं तर पंच काउंटरमागे बसला होता. समोर नवा खोका उघडलेला. डोळे मिटलेले. तो खोक्यातलं एक पाकीट काढायचा, अंगठा आणि तर्जनीत धरायचा, मधोमध हळूच दाबायचा, क्षणभर थांबायचा आणि बाजूला टाकायचा. बहुतेक पाकिटं समोरच्या उघड्या डब्यात. एखादंच, जरा विचार करून, काउंटरच्या खणात. उघड्या डब्यावर दातवाल्याचं नाव होतं.

दातवाल्याला समजावून सांगायची गरज पडली नाही. मेणाचा पत्रा सगळीकडे सारखा आहे का हे तो स्वतः रोज तसंच बघायचा. तो दार ढकलून आत गेला.

पंचानं डोळे उघडले. आधी त्यानं दातवाल्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग डब्याकडे. झाकायला काही हाताशी नव्हतं, आणि त्यानं झाकलंही नाही. तो हसला. पुढचे दात नसल्यामुळे हसू बोळकं दिसलं.

"दात आणलेस?"

दातवाल्यानं डबी काउंटरवर ठेवली. "कधीपासून?" त्यानं विचारलं.

"काय कधीपासून? अरे, धंदा आहे. खणातली फोडून मी काचेच्या कपाटात मांडतो. थोडी वाटून देतो. सगळेच दुकानदार करतात." पुढे त्याला जरा अभिमानच वाटला असावा. "कंपनीवाले आता पाकिटात कोरा जाड पुठ्ठा घालतात, फसवायला. पण पुठ्ठा दबत नाही आणि कापड किंचित दबतं. हा अंगठा फसत नाही बघ. प्लास्टरात होता तेव्हा मात्र पंचाईत झाली."

"तेव्हा मला लागली."

"लागली ना. तुझं नशीब."

दातवाला उभाच होता. "बँकवाल्याला देत होतास. घड्याळवाल्याला देत होतास. परवा आलेल्या माणसाला देत होतास. मला एकही नाही. का रे?"

पंचानं खांदे उडवले. ते उत्तर त्याला इतकं उघड वाटत होतं की त्यानं आवाजही खाली आणला नाही. "त्यांना मधून मधून नाही दिलं तर ते यायचे बंद होतात. तू थोडाच होणार होतास?"

हे ऐकून दातवाल्याला राग आला नाही, हे नवल. राग यायला अंगात काहीतरी शिल्लक लागतं. त्याला आठवत होतं की रोज संध्याकाळी प्लास्टर बांधलेल्या या माणसाचं कुलूप आपण लावत होतो आणि त्याच्या सदऱ्याची बटणंही लावून देत होतो. लांब्याचं कार्डही असंच खणातून कपाटात गेलं असणार, आणि त्यासाठी आपण अल्बम देऊन वर आभार मानले. तरी ते सगळं त्यानं बाजूला सारलं. त्याला एकच गोष्ट विचारायची होती.

"घराच्या वेळी," तो म्हणाला. "वाडग्यात चिठ्ठ्या होत्या. मी हात पुढे केला होता. तू म्हणालास, तुझ्या हाताचं मला ठाऊक आहे. तुला खरंच ठाऊक होतं. माझ्या हाताला काही झालेलं नाही हे जगात तुला एकट्याला ठाऊक होतं. मग का म्हणालास?"

पंच आठवायला लागला. त्यानं मनापासून आठवून पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या, शिट्टी बोटाभोवती फिरवली. दातवाल्याला वाटलं, आता तो ओशाळेल, निदान खोटं तरी बोलेल.

"मी होतो तिथं?" पंचानं विचारलं. "असेन. म्हणालोही असेन. मी काय, कुणालाही काहीही म्हणतो. तू ते मनाला लावून घेतलंस?"

"आणि परवाचं? खोली घेऊ नको म्हणालास."

"तू विचारलंस म्हणून सांगितलं. तुला हो म्हणायचं असतं तर विचारलं असतंस का?" एवढं बोलून त्यानं डबी उघडली, दातांची पट्टी तोंडात बसवली, जीभ फिरवली, दात एकमेकांवर टेकवून पाहिले. कपाटाच्या काचेत त्यानं स्वतःला न्याहाळलं आणि तो खूश झाला. "तुझ्या हाताला तोड नाही हं," तो म्हणाला. मग खणातून एक पाकीट काढून त्यानं दातवाल्यासमोर धरलं. "हे घे. जाड आहे. चल, रुसू नको."

दातवाल्यानं पाकीट घेतलं नाही. तो दुकानातून बाहेर पडला आणि मागे वळून दार नीट लोटलं, इतक्या वर्षांची सवय म्हणून.

दवाखान्यात तो परत गेला नाही. रस्त्याच्या कडेच्या बाकावर बसला, उठला, उगाच मंडईपर्यंत चालत गेला. शाळेच्या बाकापासून आजपर्यंतचा एकेक शनिवार त्याच्या डोळ्यांसमोर आला. प्रत्येकात पंच हसत होता, आणि आता ते हसू कशाचं होतं ते कळत होतं. सगळ्यात झोंबत होतं ते एकच. शत्रूनं केलं असतं तर निदान त्यानं आपला विचार केला, एवढं तरी म्हणता आलं असतं. यानं तर आयुष्य उलटंपालटं केलं आणि त्याला पत्ताही नव्हता. घरी जाऊन सगळं बायकोसमोर ओकून टाकायचं, असं त्यानं ठरवलं. ती चिडेल, पंचाला शिव्या घालेल, आणि मग दोघं मिळून त्याला शिव्या घालू. तेवढाच आधार त्याला दिसत होता.

ती बोळात बसली होती. पडदा विणून झाला होता आणि ती त्याला वरच्या कडेनं कड्या शिवत होती. इतक्या लवकर आलेलं पाहून तिनं खुर्ची थोडी सरकवली. तो उंबऱ्यावर बसला आणि बोलायला लागला. त्यानं काही ठेवलं नाही. अंगठा सांगितला, डबा सांगितला, खण सांगितला, अल्बम सांगितला. वाडग्यापाशी आला तेव्हा तिची सुई थांबली. खोलीचं सांगितलं, सोमवारी बाईंना नाही म्हटल्याचं सांगितलं, तेव्हा तिनं सुई कापडात खोचून ठेवली.

"म्हणजे तुमच्या हाताला काहीच झालेलं नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं. तेच तर सांगतोय. त्यानं मला..."

"मग उद्या बाईंकडे जा. चूक झाली म्हणून सांगा."

"त्यांनी दुसऱ्याला दिली. सह्या झाल्या काल."

तिनं पडद्याची घडी घालायला घेतली. कड्या लागल्या होत्या तेवढ्या घडीच्या आत गेल्या. दातवाला वाट पाहत होता. पंचाचं नाव तिच्या तोंडून निघेल आणि आपल्याला मोकळं रडता येईल, असं त्याला वाटत होतं.

"शनिवारी त्याला विचारलंत," ती म्हणाली. "सोमवारी बाईंना सांगितलंत. आज बुधवार. मी इथंच विणत बसले होते."

"तुला सांगणारच होतो गं. धीर होत नव्हता."

"त्याला विचारायला धीर लागला नाही." तिचा आवाज चढला नव्हता. तिनं घडी मांडीवर ठेवली आणि त्यावर दोन्ही हात ठेवले. "तो लबाड आहे. असू दे. त्याच्याशी माझं लग्न झालेलं नाही. वाडग्याच्या वेळी मी तुमच्या शेजारी उभी होते. माझा पदर तुमच्या कोपराला लागत होता. तुम्ही मान वळवून त्याच्याकडे पाहिलंत."

ती उठली, घडी काखेत घेतली, खुर्ची उचलली, आणि या वेळी न विचारता जावेच्या खिडकीशी जाऊन बसली.